कोरणाऱ्याचं नाव

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या शाळेतली पाचवीची पोरंसुद्धा सांगतील. कुणी घरच्यांकडून चित्र काढून आणलं की मला ते लांबूनच कळतं, आणि मग मी त्याची अशी हजेरी घेते की बाकीचे वहीत तोंड खुपसून बसतात. "वाकडं काढ, तिरकं काढ, पण स्वतःच्या हातानं काढ! दुसऱ्याचं काढलेलं माझ्यासमोर आणायचं नाही!" वीसेक वर्षं मी घसा फोडून हे सांगत आलेय. आणि दर वेळी ते सांगून झालं की मला स्वतःचीच लाज वाटायची. कारण ज्या चित्राच्या जोरावर मला ही चित्रकला शिक्षिकेची नोकरी लागली, ते चित्र मी एकटीनं केलेलं नव्हतं. त्यातलं अवघड काम माझ्या वडिलांनी केलं होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते जळगावच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसून भांड्यांवर नावं टाकायचे. आमच्याकडे लग्नात हंडा, कळशी, परात काहीही द्यायचं झालं तर ते बिननावाचं देत नाहीत. मामानं दिलेल्या हंड्यावर मामाचं नाव, आत्यानं दिलेल्या परातीवर आत्याचं, आणि वर ‘चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट’. लोक चिठ्ठी घेऊन यायचे, नाना ती दोनदा वाचून घ्यायचे, कारण एकदा छिन्नी बसली की खोडता येत नाही. मग भांडं मांडीत धरून टकटक टकटक सुरू. खाली रेघ आखायची नाही, पेन्सिल लावायची नाही, तरी ओळ अशी सरळ यायची की आखून काढल्यासारखी. पुढे बाजारात विजेचं मशिन आलं. नानांनी ते महिनाभर चालवून पाहिलं आणि आपल्या घरच्या बोलीत म्हणाले, "हाई मशिन चावस, कोरत नही." स्टीलवर त्यांना मशिन चालवावंच लागलं, पण पितळ-तांबं आलं की ते हातानंच करायचे.

मी बारावीनंतर धुळ्याच्या कला महाविद्यालयात गेले. शिरपूरकडच्या आमच्या भाऊबंदांत चित्रकला शिकायला कुणी पोरगी पाठवत नव्हतं. "चित्रं काढून काय डोंबलाचं मिळणार आहे?" असं आईला पाच जणींनी विचारलं होतं. नानांनी कुणाला विचारलं नाही, थेट फी भरली.

तिथे आम्हाला छापचित्रकला शिकवायला एक सर होते. उंच, किडकिडीत, बोलताना डोळे मिटून घेणारे. एके दिवशी ते बगलेत एक भलं मोठं कापडी बाड घेऊन आले आणि टेबलावर पसरून म्हणाले, "हात धुऊन या सगळ्यांनी." आम्ही हात धुऊन आलो. आत इटलीतल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या छापचित्रांच्या मोठ्या प्रती होत्या, कुठल्यातरी जुन्या पुस्तकाची पानं सुटी करून जपलेली. काळी शाई, पिवळट कागद, रंगाचा ठिपका नाही. तरी त्यातल्या माणसांच्या दंडांवरचं मांस हात लावून दाबावं असं होतं.

सरांनी सांगितलं ते मला अजून पाठ आहे. त्या काळी रोममध्ये एक मोठा चित्रकार होता. राजवाड्याच्या भिंतीच्या भिंती रंगवायचा. पण भिंत कोण उचलून दुसऱ्या गावाला नेणार? मग तो आपली चित्रं एका कोरणाऱ्याला द्यायचा. तो कोरणारा ती तांब्याच्या पत्र्यावर रेघ-रेघ करून कोरायचा, पत्र्यात शाई भरायचा, वर ओला कागद ठेवून चरकातून दाबून काढायचा, की चित्र कागदावर. एका पत्र्यातून कितीतरी छाप निघायचे आणि गावोगाव जायचे. ज्यांनी रोम पाहिलं नव्हतं त्यांनी तो चित्रकार या छापांतून पाहिला. "चित्रकारानं तांब्याला हातही लावलेला नाही," सर म्हणाले. "सावली किती दाट, गाल किती गोल, कुठे रेघ जाड करायची आणि कुठे केसाएवढी बारीक सोडायची, हे सगळं कोरणाऱ्यानं ठरवलं."

मग त्यांनी आम्हाला छापांच्या तळाशी बघायला लावलं. काहींवर दोघांची नावं होती, रचना याची, कोरणी त्याची. काहींवर एकट्या चित्रकाराचं. आणि काहींच्या कोपऱ्यात एक छोटीशी पाटी कोरलेली होती, चौकोनी, पोरांच्या पाटीसारखी, आणि ती कोरीच. वर्गातला एक जण म्हणाला, "नाव टाकायचं राहून गेलं वाटतं, सर." सर म्हणाले, "राहून गेलं नाही. कोरी पाटी हीच त्याची खूण होती, असं जाणकार म्हणतात. का ते कुणाला नक्की माहीत नाही." मला तेव्हा त्या पाटीचं काहीच वाटलं नाही. मी त्या बाडातल्या एका बाईकडे बघत बसले होते. डोक्यावर घडा, दुसऱ्या हातात घडा, वाऱ्यानं लुगड्यासारखं वस्त्र अंगाला चिकटलेलं, आणि तोंड उघडं, कुणालातरी हाका मारत असल्यासारखं. मला ती आपल्याकडची बाईच वाटली.

तिच्यावरूनच मला माझं चित्र सुचलं. रावेरला मावशीकडे गेले होते तेव्हा केळीच्या बागेत पाहिलेली एक बाई, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर केळीचा घड, एक हात घडाला आणि एक हात कमरेवर, ट्रॅक्टरवाल्यावर ओरडणारी. मी तिला त्या इटलीच्या बाईच्या ढंगात उभी केली. सरांना रेखाटन दाखवलं. त्यांनी डोळे उघडले, म्हणजे त्यांना आवडलं. "वर्षाच्या कामाला हेच घे," ते म्हणाले. "तांब्यावर कोर. कोरायचं मात्र स्वतः."

रेखाटन करणं वेगळं आणि कोरणं वेगळं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. कोरायचं हत्यार तळव्यात धरून पुढे ढकलायचं असतं. माझं ढकललं की सटकायचं. बाईच्या गालावरून कानापर्यंत चरा! दोन पत्रे वाया घालवले, डाव्या हाताच्या बोटाला तीन ठिकाणी चिंध्या बांधल्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिसरा पत्रा पिशवीत घालून रडकुंडीला येऊन घरी आले.

दिवाळी झाली होती आणि लग्नसराई अजून लागायची होती, त्यामुळे बाजार थंड होता. नाना दुपारी घरीच असायचे. मी मेहरूणच्या आमच्या घरी ओसरीत बसून पत्र्याशी झटापट करत होते आणि ते खाटेवरून बघत होते. दुसऱ्या दिवशी मी पत्रा आदळला तेव्हा म्हणाले, "आन आठे."

"नाना, ही भांडी नाहीत. वेगळं असतं हे."

"तांबं शे ना?"

तांबंच होतं. त्यांनी माझं हत्यार हातात घेऊन उलटसुलट केलं, आईचा एक जुना फुटका तांब्या आणायला लावला आणि त्याच्या बुडावर दोन दिवस नुसत्या रेघा मारल्या. "हाई ठोकानं नही, ढकलानं हत्यार शे," असं स्वतःशीच बोलत. तिसऱ्या दिवशी त्यांची रेघ बारीक सुरू होऊन मध्ये भरून पुन्हा बारीक होऊ लागली. मी बाडातल्या एका छापाची झेरॉक्स त्यांच्यापुढे धरली. ती त्यांनी डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "ह्या माणसाचा हात बसेल होता." एवढंच. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या कोरणाऱ्याला इतकी मोठी दाद आमच्या वर्गात कुणी दिली नव्हती.

बारा दिवस ते कोरत होते. मी पत्र्यावर रेखाटन उतरवून दिलं होतं, सावल्या कुठे हव्यात ते मी सांगत होते. बाकी सगळं त्यांचं. केळीच्या घडावरची एकेक फणी, बाईच्या दंडावरचा ताण, लुगड्याच्या चुण्या. मी जेवण वाढलं तरी त्यांना भान नसायचं. आई चिडून म्हणायची, "कॉलेजात कोण आहे, तू का हे?" आम्ही तिघंही हसायचो. खरं सांगते, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले बारा दिवस होते.

शेवटच्या दिवशी मी बाजारात गेले होते तेव्हा नानांनी एक गोष्ट आपल्या मनानं केली. बिननावाची वस्तू त्यांच्या हातून कधी गेलीच नव्हती. त्यांनी पत्र्याच्या तळाशी माझं नाव कोरलं. भांड्यावर टाकतात तसं, पुढे ‘कु.’ लावून, खाली ‘जळगाव’. स्वतःचं नाव टाकायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आणि सुलट कोरलं, कारण जन्मभर त्यांनी सुलटच कोरलं होतं. पत्र्यावरची अक्षरं कागदावर उलटी उमटतात हे मी त्यांना सांगायलाच विसरले होते.

मी ते पाहिलं तेव्हा इतकी हसले की मला ठसका लागला. त्यांना कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "खराब करं का मी?" मी म्हटलं, "नाही हो नाना, भारी दिसतंय." आणि तसाच पत्रा घेऊन धुळ्याला गेले.

तपासणीच्या दिवशी छाप भिंतीवर लागले. सर एकेकापुढे थांबत माझ्यापाशी आले. मग खाली वाकून तळाची ती उलटी अक्षरं वाचली, आरशात वाचावीत तशी.

"हे ‘कु.’ कुणी टाकलं?" त्यांनी विचारलं.

मी एका क्षणात काय काय विचार केला असेल! नानांचं नाव घेतलं तर काम बाद. वर्ष बाद. "कॉलेजात कोण आहे?" हा आईचा प्रश्न आता सगळे हसत विचारणार.

"मीच, सर. उलटं कोरायचं विसरले."

"आणि बाकीचं?"

"तेही मीच कोरलं. सगळं मीच."

सरांनी डोळे मिटले, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोराकडे गेले. थोड्या वेळानं शिपायानं मला एक डबा आणून दिला. "तुमचे वडील देऊन गेले. गाडीची घाई होती म्हणाले." डब्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. मी मैत्रिणींबरोबर चाटूनपुसून खाल्ली. माझ्या छापाला त्या वर्षीचं पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्या प्रमाणपत्रावर पुढे शाळेनं मला घेतलं.

यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नोकरी, लग्न, मुलं, माहेर-सासर दोन्ही जळगावातच. पत्रा नानांच्या पेटीत होता, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. त्यांनी त्या कोरणीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. बाजारात कुणी विचारलं तर म्हणायचे, "मनी पोरनी काढेल शे ते चित्र. पहिलं बक्षीस." मी मूग गिळून बसायची.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. लक्षात येईपर्यंत डावा डोळा गेला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. औषधं घालूनही उजवा हळूहळू मंदावत गेला. आता त्यांना उजेड कळतो, दारात कुणीतरी उभं आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून ओळखतात.

आणि मागच्या हिवाळ्यात धुळ्याहून फोन आला. महाविद्यालय माजी विद्यार्थ्यांच्या कामांचं प्रदर्शन भरवत होतं. माझी ती रावेरची बाई हवी होती. पत्रा असेल तर नवे छाप काढू म्हणाले. सोबत एक फॉर्म आला, त्यात ‘कलाकाराचे नाव’ असा रकाना होता.

मी तो फॉर्म घेऊन मेहरूणला गेले. आई मेथी निवडत बसली होती, नाना खाटेवर. मी पेन काढलं आणि मनाचा हिय्या करून लिहिलं, रचना माझी, कोरणी वडिलांची, आणि त्यांचं पूर्ण नाव. लिहिताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं, हो, खोटं कशाला बोलू! मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

नाना खाटेवर उठून बसले. "खोडी टाक ते."

"का पण?"

"तुनी नोकरी शे त्यावर. लोक काय म्हणतील? बाईनं बापाकडून करून आणलं. कसाले उकरस आते?"

"नाना, तुम्ही कोरलंय ते. नाव तुमचंच पाहिजे. पाटीवर राहील, जाईल येईल तो वाचेल."

तेवढ्यात आईनं मेथीची जुडी परातीत आपटली. माझा राग कुठून आला ते तिच्याकडे पाहिलं की कळतं.

"पाटीवर!" ती म्हणाली. "वाचायला यांना डोळे आहेत का? वीस-बावीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलीस आणि आता यांना दिसेनासं झालं तेव्हा लिहून देतेस?"

"गप ना तू," नाना म्हणाले.

"गप नाही बसणार. ऐकू दे तिला." आई माझ्याकडे वळली. "त्या तपासणीच्या दिवशी हे डबा घेऊन आले होते ना धुळ्याला, ते शिपायाकडे देऊन परत नाही फिरले. वर आले होते. वर्गाच्या दाराशी उभे होते. तुझ्या सरांनी विचारलं आणि तू म्हणालीस, सगळं मीच कोरलं. ऐकलं यांनी. मग खाली येऊन डबा शिपायाकडे दिला. घरी आले तर मला म्हणाले, गाडीची घाई होती. आठ दिवसांनी मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं."

मी नानांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"तू त्या दिवशी तोंडानं बोललीस," आई म्हणाली. "आता बोलायचंच असेल तर तोंडानं बोल. चारचौघांत. यांच्या कानावर पडेल असं. नाहीतर राहू दे तुझा तो फॉर्म."

मी घरी आले ती तीन दिवस कुणाशी धड बोलले नाही. नवऱ्यानं "काय झालं?" विचारलं तर त्याच्यावरच खेकसले. लिहून मोकळं होणं किती सोपं होतं! पाटी कोण वाचतं? आणि वाचली तरी ‘कोरणी’ म्हणजे काय ते कुणाला कळणार आहे? ती पळवाट आईनं बंद केली होती; फॉर्मवरची ती ओळ खोडून मी नुसतं माझं नाव पाठवलं. बोलायचं म्हणजे सरांसमोर बोलायचं, कारण ते उद्घाटनाला येणार होते. आणि त्यात भर म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी ही बातमी ऐकून जाहीर केलं की सगळा स्टाफ शाळेच्या गाडीनं धुळ्याला जाणार. "आपल्या मॅडमचं चित्र आहे!" ज्यांच्यापुढे मी रोज पोरांना फाडून खाते, त्या सगळ्यांपुढे उभं राहून मी सांगणार होते की मीसुद्धा तेच केलं होतं.

दोनदा मी फोन उचलला, येत नाही म्हणून कळवायला. दोनदा खाली ठेवला. मला सारखं ते दार दिसत होतं. हातात डबा घेतलेला माणूस, दोन तास एसटीत बसून आलेला, कोरलेलं काम भिंतीवर लागलेलं बघायला जिना चढून आलेला. आणि आतून आपल्याच पोरीचा आवाज. ते ऐकून जिना उतरताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हे मी त्यांना विचारूही शकत नव्हते.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही नानांना गाडीत बसवलं. ते यायला तयार नव्हते. आई म्हणाली, "नातवंडांबरोबर फिरून या, हवा बदलेल," तेव्हा कुठे निघाले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. पारोळ्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा मला म्हणाले, "तू काही बोलू नको बरं का तठे." मी त्यांच्या बशीत चहा ओतला.

हॉल भरला होता. माझी रावेरची बाई मधल्या भिंतीवर होती, काचेत. नव्या छापात काळा रंग इतका दाट उतरला होता की मी क्षणभर तिथेच खिळले. नानांना मी पुढच्या रांगेत आईशेजारी बसवलं. सर आले, आता काठी टेकत, केस पांढरे, पण डोळे मिटायची सवय तीच. त्यांनी मला ओळखलं आणि डोक्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले. तिसऱ्या रांगेत आमचा सगळा स्टाफ मोबाईल वर धरून बसला होता. मी भाषण लिहून आणलं होतं, ते हातातच चुरगळलं.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही मला या चित्रापुढे उभं करून विचारलं होतं, हे कुणी कोरलं. मी म्हटलं होतं, मी. ते खोटं होतं." आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "चित्र माझं आहे. कोरलं माझ्या वडिलांनी. एकेक रेघ त्यांची आहे. भांड्यांवर नावं टाकणारा माणूस आहे तो. तुम्ही बाडातून दाखवलेल्या त्या कोरणाऱ्यांच्या तोडीचा. त्यांनी खाली माझं नाव कोरलं, आणि मी त्यांचं नाव तोंडातूनही काढलं नाही. बक्षीस मी घेतलं, नोकरी मी घेतली. ते इथे पुढे बसलेत." आणि मी नानांचं नाव घेतलं. त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, भांड्यावर टाकतात तसं पूर्ण.

आमचे मुख्याध्यापक मोबाईल खाली करून माझ्याकडे बघत होते. मग सूत्रसंचालन करणारी मुलगी गडबडून म्हणाली, "तर आपण बाबांनाच विनंती करू या, दोन शब्द..." आणि माईक घेऊन नानांकडे धावली.

नाना उठून उभे राहिले. आईनं दंड धरला होता, तो त्यांनी सोडवला. त्यांनी माईक तोंडाजवळ धरला आणि शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलले, बाजारात मोठं गिऱ्हाईक आलं की बोलायचे तसे.

"माझ्या मुलीचं माझ्यावर फार प्रेम आहे. त्यामुळे ती असं बोलते. मी अडाणी माणूस. मी फक्त पत्रा धरून बसलो होतो, हलू नये म्हणून. कोरलं तिनंच. सगळं तिनंच कोरलं."

लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. आमचा स्टाफ उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला माईकपासून दिसला. बापाचं मोठेपण, लेकीचं मोठेपण, काय काय म्हणत होते लोक. एकटे सर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ते नानांकडे वळून दोन्ही हात जोडून उभे होते, आणि नानांना ते दिसत नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांनी कसंबसं खरं बोलले, आणि यांनी ते पुसून टाकलं! मी त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या हातातला माईक ओढायला लागले. "नाना, खोटं का बोललात? द्या इकडे. मी पुन्हा सांगते सगळ्यांना."

त्यांनी माईक सोडला, पण माझं मनगट धरलं. घट्ट, पत्रा धरावा तसं. मग माझ्या कानाशी वाकले, आणि मी पाहिलं तर काळ्या चष्म्याखालून त्यांच्या गालावर पाणी उतरलं होतं.

"तू बठ्ठा लोकेस्ना समोर बोलनी," ते म्हणाले. "मी आयकं. मनं व्हई गयं, माय. आते तुनं नाव ऱ्हाऊ दे."